अर्थ नको, प्रसंग सांग

औताडे सरांवर मी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात दुसऱ्या कोणावर चिडले असेन तर ती नवऱ्यावर. फरक एवढाच की नवऱ्यावर चिडून थोडाफार उपयोग व्हायचा. अर्ध्या तासानं का होईना, माणूस उठून भाजी आणायला जायचा. सरांवर चिडलं की ते माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि म्हणायचे, "बाई, हे जे तुम्हाला आत्ता होतंय ना, ह्याला इंग्रजीत लई नेमका शब्द आहे." आणि तो शब्द सांगायचे. मग मी आणखी चिडायची.

गारखेड्यातल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी भूगोल. तेव्हा शाळेच्या मागच्या भिंतीला लागून ज्वारीचं रान होतं. शहराला औरंगाबाद म्हणायचे आणि गारखेड्याला रिक्षावाले लांब म्हणून नाक मुरडायचे. मी परभणीहून लग्न होऊन आलेली, नोकरीचा पहिलाच दिवस, शिक्षकखोलीत कुठल्या खुर्चीत बसायचं हेही ठाऊक नाही. एवढ्यात एक उंच, काटकुळा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, बाह्यांवर खडूची भुकटी, तोंडात बडीशेप. नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलं, "बाई, तुमच्या घरात तुम्ही कोणती गोष्ट चालवून घेता?"

मला वाटलं माणूस जरा हललेला आहे. पण वयानं मोठे होते, म्हणून सांगितलं, "सासूबाई सकाळी रेडिओ फार मोठ्यानं लावतात."

"तुम्ही काही बोलत नाय?"

"नाही."

"मनात धुसफुसता का?"

"धुसफुसते."

"मग झालं," ते म्हणाले. "पुट अप विथ. धुसफूस असली तरच. धुसफूस नसंल तर नुसता रेडिओ." एवढं बोलून ते तासाला निघून गेले. शेजारच्या बाईंनी मला सांगितलं की हे औताडे सर, आणि आता तुमच्या सासूबाई उद्या उदाहरण म्हणून दहावी अ मध्ये जातील. खरोखरच गेल्या.

इंग्रजीत एक भानगड आहे. साधं क्रियापद घ्यायचं, त्याला एकदोन चिमुकले शब्द जोडायचे, की अर्थ कुठल्या कुठं जातो. पुट म्हणजे ठेवणं, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत. तिन्ही एकत्र आले की त्यांचा ठेवण्याशी, वरशी आणि सोबतीशी काही संबंध उरत नाही, होतं चालवून घेणं. दहावीच्या पेपरात असले शब्द हमखास यायचे. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. गुलमंडीवर कुठल्याही दुकानात गाईड मिळायचं, त्यात सगळे अर्थ आणि सगळी वाक्यं तयार असायची. बाकीच्या शाळांतले मास्तर ते उघडून फळ्यावर उतरवायचे, पोरं वहीत उतरवायची, पेपरात उतरवायची आणि सगळे सुखानं घरी जायचे.

औताडे सर फळ्यावर फक्त शब्द लिहायचे. त्याच्याभोवती चौकोन काढायचे आणि हात झटकायचे. कोणी विचारलं, "सर, अर्थ?" की उत्तर ठरलेलं, "अर्थ नको. प्रसंग सांग." म्हणजे आपल्या घरातला, गल्लीतला, शेतातला प्रसंग मराठीत सांगायचा. मग सर वकिलासारखी उलटतपासणी घ्यायचे आणि शेवटी निकाल द्यायचे, हा प्रसंग त्या शब्दात बसतो की नाही. बसला तर सगळा वर्ग ते वाक्य इंग्रजीत करून मोठ्यानं म्हणणार.

माझा तास बहुतेक भिंतीपलीकडच्या वर्गात असल्यानं मला सगळं ऐकू यायचं. एक पोरगं सांगायचं, "सर, आमची म्हैस लाथ मारती, पण आमी ठेवलीय." सर विचारायचे, "दूध किती देती?" "लई देती सर." "तुझी आजी तिला काय म्हणती?" "लाडाची म्हणती." "मग नाय. ही म्हैस चालवून घेतलेली नाय, ही आवडती म्हैस आहे. बस खाली." ते पोरगं बसायचं, दुसरं उठायचं, त्याच्याकडं बहिणीचा दीर असायचा, परीक्षेसाठी म्हणून येऊन सहा महिने खोलीत मुक्काम ठोकलेला. त्यावर वर्गात दोन पक्ष पडायचे. घंटा व्हायची. आणि एका तासात एक शब्दसुद्धा पुरा झालेला नसायचा.

माझा भूगोल दिवाळीपर्यंत संपायचा. सरांचं पुस्तक मार्चमध्येही अर्धं राहिलेलं असायचं. पोरं पास व्हायची, पण बेताच्या मार्कांनी, कारण पेपरात प्रसंगाला मार्क नव्हते. मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल, "सर, प्रसंग सांगा, माझी हरकत नाही. पण शेवटी पाच मिनिटं गाईडातला अर्थ लिहून द्या ना. तुमचं काय जातं?"

"माझं जातं," ते म्हणायचे.

काय जातं, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही सहलीला अजिंठ्याला जाताना बस बंद पडली म्हणून. पोरं झाडाखाली डबे खात होती. सर पाचोडच्या बाजूचे, शेतकरी घरातले. पोलीस ॲक्शनच्या आधी त्यांची शाळा उर्दूतली. मौलवी साहेबांनी छडी हातात घेऊन पाठ करून घेतलं होतं, गिव्ह अप म्हणजे तर्क करना. उर्दूत तर्क करना म्हणजे सोडून देणं. सरांनी ते घोकलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, मौलवी साहेब गेले आणि नवे मास्तर आले. त्यांनी तोच शब्द विचारला. सरांनी उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, तर्क करणे. नव्या मास्तरांनी छडी उचलली.

"एका शब्दापायी दोन राज्यांचा मार खाल्ला मी, बाई," सर म्हणाले. "अन दोघांनी बी मला हे नाय सांगितलं, का माणूस एखादी गोष्ट सोडून देतो म्हणजे काय करतो. माझ्या बापानं त्याच साली तमाखू सोडली होती. घरात बसल्या बसल्या हात खिशाकडं जायचा त्याचा. ते मला दिसत होतं. पण ते अन गिव्ह अप एकच आहे हे कळायला मला बीए व्हावं लागलं."

त्या दिवशी मी माझा डबा त्यांच्यापुढं केला. पण चिडणं काही सुटलं नाही, कारण बापाच्या तमाखूला बोर्डात मार्क मिळत नव्हते.

प्रसंग गोळा करायचा त्यांना नादच होता. न्हाव्याकडं, रेशनच्या रांगेत, सिटी बसमध्ये अनोळखी माणसांशेजारी जाऊन बसायचे आणि कान द्यायचे. सुट्टीत गावी गेले असताना वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना पाचोडच्या बाजारातून बी-बियाणं आणायला पाठवलं. सर संध्याकाळी रिकाम्या हातानं परत. का, तर एक मेंढपाळ आपला खोडील कुत्रा विकायला आला होता आणि गिऱ्हाईक आलं की त्या कुत्र्याची इतकी निंदा करायचा, की शेवटी कुत्रा विकला गेलाच नाही. सर त्याच्याजवळ उकिडवे बसून दिवसभर ऐकत राहिले. वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या सरांना माझा प्रसंग सांगा म्हणावं कधी वर्गात." सरांनी तो केव्हाच सांगितलेला होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका वर्षी सुनंदा उभी राहिली.

सुनंदा दहावी अ मधली, पहिल्या बाकावरची, तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका होते. तिच्या घरी एकत्र कुटुंब. तिचे मोठे काका मोंढ्यात धान्याची आडत चालवायचे आणि आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही होते. सरांनी फळ्यावर पुट अप विथ लिहिलं, चौकोन काढला, आणि या मुलीनं आपणहून हात वर केला. सर इतके खूश झाले की त्यांचा आवाज भिंतीपलीकडं मला बदललेला कळला.

"सर, आमचे मोठे काका जेवायला बसले की आधी ताट सरकवतात," ती म्हणाली. "भाजी गार आहे म्हणतात. गरम असली तरी म्हणतात. मग आई उठून परत गरम करती. रोजच."

"आई काय म्हणती?"

"काय नाय म्हणत. गॅसकडं तोंड करून पुटपुटती. काय ते ऐकू येत नाय."

"पुटपुटती? नक्की?"

"व्हय सर."

"मग बरोबर," सर म्हणाले. "शंभर टक्के बरोबर. असा प्रसंग मला आजपर्यंत कोणी दिला नाय." आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणं अख्ख्या वर्गानं ते वाक्य इंग्रजीत मोठ्यानं म्हटलं. माझी आई माझ्या काकांना पुट अप विथ करते. पन्नास पोरं, एका सुरात, पुन्हा पुन्हा. मी हातातला नकाशा खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं की हे नीट होणार नाही.

सुनंदाच्या गल्लीतली दोन पोरं त्याच वर्गात होती. त्यांनी ते वाक्य गल्लीत नेलं. क्रिकेट खेळताना विकेट पडली की पोरं तालात तेच म्हणायला लागली. मोठ्या काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपला काहीतरी उल्लेख होतोय एवढं त्यांना समजलं. त्यांनी दुकानात हिशेब लिहिणाऱ्या पोराला अर्थ विचारला. त्यानं गाईड उघडून वाचून दाखवला, सहन करणे.

दुसऱ्या दिवशी काका शाळेत आले. हेडसरांच्या खोलीत मी, औताडे सर आणि काका. काका खुर्चीत बसलेच नाहीत.

"क्या मास्तर," ते म्हणाले, "इंग्रजी शिकवता का लोकांच्या घरात पंचायत भरवता? आमच्या घरची बाई मला सहन करती, असं पोरांकडून म्हणवून घेता?"

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं हात जोडले असते. हेडसर डोळ्यांनी तेच सांगत होते. मी टेबलाखालून सरांचा पाय दाबायच्या बेतात होते. औताडे सर अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, सहन करणे हा त्याचा नीट अर्थ नाय. गाईडवाले चुकीचा देतात. सहन तर माणूस ऊन बी करतो. ह्यात धुसफूस असती. आतल्या आत."

"म्हणजे?"

"म्हणजे समोरचा काय बदलायचा नाय, हे ओळखून माणूस..."

"औताडे, बस करा," हेडसर ओरडले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. काकांनी तिथंच सांगितलं की पोरगी उद्यापासून शाळेत येणार नाही. शिकून ही असली थेरं करायची असतील तर तिनं घरी बसलेलं बरं.

आणि खरंच ती आली नाही. दिवाळी झाली, तिचं बाक रिकामं. मी सरांवर त्या दिवसांत जे तोंड सोडलं ते आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं, पण त्यातला एक शब्दही मला आज परत घ्यावासा वाटत नाही. मी म्हटलं, "तुमचं वाक्य बरोबर आलं, सर. पोरीची दहावी गेली. ह्याला काय म्हणतात इंग्रजीत?" पहिल्यांदाच त्यांनी शब्द सांगितला नाही. खिशातून बडीशेप काढली, हातात धरली, आणि तशीच परत ठेवली.

मी सुनंदाच्या घरी गेले. काका दुकानावर गेलेले बघून गेले. दार तिच्या आईनं उघडलं. बाई बारीक, पदर खोचलेला, हात पिठाचे. तिनं मला आत घेतलं, चहा केला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पोरगी खरंच बोलली, बाई. खोटं नाय बोलली. पण घरातलं वर्गात कशाला काढायचं होतं सरांनी? इथं माझं पुटपुटणं माझं मला पुरत होतं. आता ते बी राह्यलं नाय." मग दाराकडं बघत म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा, पण तिची परीक्षा होऊ द्या."

मी हेडसरांना सांगितलं, आणि त्यांनी केलं. काकांकडं जाऊन तडजोड केली की औताडे सर दहावीला शिकवणार नाहीत, या वर्षी नाही आणि पुढंही नाही, आणि मुलगी परत येईल. सरांना बोलावून हे सांगितलं तेव्हा मला वाटलं हा माणूस आता भांडणार, अर्थ सांगणार, धुसफूस काढणार. दहावी त्यांचा जीव होती. बाकीचे वर्ग ते शिकवायचे, दहावी ते जगायचे. पण ते लगेच म्हणाले, "बरं. पोरगी सोमवारी येऊ द्या." आणि खाली जाऊन पाचवीचं वेळापत्रक लिहून घेतलं.

सुनंदा आली, पास झाली. शाळा संपेपर्यंत तिनं परत कधी हात वर केला नाही.

सरांना पाचवी मिळाली. आपल्याकडं तेव्हा इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. ए फॉर ॲपल. पोरांना प्रसंग सांगायला शब्दच येत नव्हते आणि ॲपलचा प्रसंग तरी काय होणार. भिंतीपलीकडून आता एका तरुण मास्तरांचा आवाज यायचा. ते गाईडातले अर्थ सुरेख अक्षरात उतरवून द्यायचे आणि निकाल वर गेला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला त्या तरुण मास्तरांचा, औताडे सरांचा, मोंढ्यातल्या काकांचा, सगळ्यांचाच वैताग यायला लागला. सर शिक्षकखोलीत कोपऱ्यात बसून पाचवीच्या वह्या तपासायचे. कुणाला काही विचारायचे नाहीत. नव्या आलेल्या बाईंना त्यांनी नुसतंच "या, बसा" म्हटलं, तेव्हा मी हातातलं पुस्तक आपटलं.

त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना त्या तरुण मास्तरांना दुसरीकडं सरकारी नोकरी लागली आणि ते ऐन जूनमध्ये सोडून गेले. सुनंदाचे काका तोवर कार्यकारिणीतून गेले होते. हेडसरांकडं दुसरा कोणी नव्हता. त्यांनी औताडे सरांना दहावी परत दिली, एका अटीवर. अर्थ लिहून द्यायचे, गाईडातलं वाक्य द्यायचं, प्रसंग एकसुद्धा घ्यायचा नाही.

सर म्हणाले, "नाय घेणार."

मला खात्री होती की पहिल्याच आठवड्यात फळ्यावर चौकोन निघणार. एके दिवशी मी मुद्दाम त्यांच्या वर्गावरून गेले. सर गाईड हातात धरून वाचत होते, "लिहा. पुट अप विथ. सहन करणे." आवाज अगदी स्पष्ट, सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. एका मुलानं हात वर केला. "सर, माझी ताई तुमच्याकडं होती. ती सांगायची तुम्ही प्रसंग घेता. माझ्याकडं एक आहे."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. "कुणाचा?"

"घरचाच आहे, सर."

"नको," सर म्हणाले. "बस. पुढचं लिहा."

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, "निदान ऐकून तरी घ्यायचं होतं."

"ऐकलं असतं अन बरोबर निघालं असतं तर?" ते म्हणाले. "मग मला बरोबर म्हणावं लागलं असतं, बाई."

त्या वर्षी दहावीचा इंग्रजीचा निकाल आमच्या शाळेत कधी लागला नव्हता असा लागला. निरोपाच्या दिवशी सरांना शाल आणि नारळ मिळाला, हेडसर मार्कांवर बोलले, आणि सर दुसऱ्या दिवशी पाचोडकडं गावी निघून गेले. निरोपाला ते कसे दिसत होते हे मला आठवत नाही. मला आठवतात ते त्याआधीचे, सराव परीक्षेचे पेपर तपासणारे सर.

शिक्षकखोलीत आम्ही दोघंच होतो. मी मार्कांची बेरीज करून द्यायला बसले होते. वाक्यात उपयोग करा या प्रश्नाला सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं, गाईडातलं. तो शेजाऱ्यांचा गोंगाट सहन करतो. पहिल्या पेपरात तेच, दुसऱ्यात तेच, दहाव्यात तेच. एवढ्या पोरांच्या घरी एकच शेजारी आणि एकच गोंगाट. दुसऱ्या कोणी नुसत्या खुणा करत गठ्ठा पंधरा मिनिटांत उरकला असता. सर प्रत्येक पेपरातलं ते वाक्य, ओळीवर बोट ठेवून, पूर्णविरामापर्यंत वाचत होते, मग बरोबरची खूण करत होते आणि पुढचा पेपर उघडत होते.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, सगळ्यांचं तेच आहे. वाचता कशाला?"

"असंल एखादं," ते म्हणाले.

संध्याकाळ झाली, शिपाई दारं लावायला येऊन उभा राहिला. सरांनी शेवटचा पेपरही शेवटपर्यंत वाचला, त्यालाही पूर्ण मार्क दिले आणि गठ्ठा बांधायला माझ्याकडं दोरी मागितली.